दाह

संस्कृत शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली. मास्तराला एक खोड असते. काही बिघडले की त्याला पहिल्यांदा चूक कोणाची ते शोधावेसे वाटते. वही पुढे आली की तांबड्या शाईचे टोपण आपोआप निघते. विभक्ती चुकलेली असली तर कोणाची चुकली याचा वाद नसतो. वहीवर मुलाचे नाव लिहिलेलेच असते. ही खोड वर्गापुरती राहती तर बरे होते. पण ती माझ्याबरोबर घरी आली. दूध उतू गेले की "गॅस कोणी मोठा ठेवला?" हा माझा पहिला प्रश्न, पुसायच्या फडक्याची आठवण मागाहून. आमची ही म्हणते, "तुम्हाला फडक्याच्या आधी गुन्हेगार सापडतो."

२०२२ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या लेकीला मुलगा झाला. दिवस भरले नव्हते. अठ्ठाविसावा आठवडा नुकताच संपला होता आणि बाळाचे वजन भरले १,०५० ग्रॅम. आपल्याकडे दिवाळीला चिवड्याचे पोहे आणतात, साधारण तेवढे. लेक कोल्हापूरहून आमच्याकडे साताऱ्याला डोहाळजेवणासाठी आली होती. अष्टमीला डोहाळजेवण झाले, दशमीला सोने लुटून झाले, आणि त्या रात्री तिला कळा सुरू झाल्या. घराजवळच्या प्रसूतिगृहात पहाटे ती मोकळी झाली. तासाभरात बाळाला काचेच्या पेटीत घालून रुग्णवाहिका पुण्याकडे निघाली. मागच्या गाडीत जावई आणि मी. खंबाटकीच्या बोगद्यात पुढचे तांबडे दिवे तेवढे दिसत होते. जावई सबंध वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. आमच्या नातवाचे लिहिणे तिच्याही आधी उरकले होते. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या टाळूवर सोनोग्राफीचे ते लहानसे यंत्र टेकवले. टाळू म्हणजे कवटीची हाडे अजून जुळलेली नसतात ती मऊ जागा. घरोघरच्या आज्या शतकानुशतके जिथे तेल भरत आल्या, तीच ही खिडकी. पलीकडे मेंदू दिसतो. पडद्यावर दोन काळ्या पोकळ्या असायला हव्यात, आणि त्या काळ्यात पांढरे ढग साचलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तस्राव झालाय. दोन्ही बाजूंना. चार पायऱ्यांतली तिसरी."

पुढच्या काही आठवड्यांत मी जे शिकलो ते त्यांच्यामुळे. वयाने माझ्या लेकीएवढ्या, दिवसाचे चौदा-चौदा तास उभ्या असत, पण या म्हाताऱ्या मास्तराला कागदावर आकृती काढून समजावून सांगण्यात त्यांनी कधी कंटाळा केला नाही. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात. गर्भात असताना त्या पोकळ्यांच्या काठाशी नव्या पेशी जन्माला घालणारी एक वाफ असते. तिथून पेशी आपापल्या जागी चालत जातात. त्या वाफ्याला रक्त भरपूर लागते, पण तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती अगदीच पातळ, तात्पुरत्या. घर बांधताना परांची बांधतात ना, तशा. बत्तीस-चौतीस आठवड्यांपर्यंत काम आटोपते आणि परांची उतरते. पूर्ण दिवसांच्या मुलात ती जवळजवळ नसतेच. पण मूल आधी आले, तर श्वास, रक्तदाब, बाहेरच्या जगाचे सगळे हिसके त्या परांचीला सोसावे लागतात. ती मोडते, आणि मोडते ती बहुधा पहिल्या तीन दिवसांतच.

आमच्या घरात त्या दिवसापासून तांबडी शाई वाहू लागली. विहीणबाईंचा कोल्हापूरहून फोन : "सातव्या महिन्यात गाडीचा प्रवास करवायची काही गरज होती का?" जावयांचे म्हणणे, पहिल्यांदाच पुणे का गाठले नाही? आमची ही देवापुढे बसून कुलदैवताचा कोणता नवस राहिला ते आठवत होती. लेकीला आपण जिने किती चढलो याची मोजदाद करावीशी वाटे. शेजारच्या एका बाईंनी तर कमाल केली. त्या वर्षी दिवाळीतच, २५ ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण होते. त्यांनी सगळा दोष त्या ग्रहणावर टाकला. बाळ ग्रहणाच्या एकोणीस दिवस आधी जन्मले होते, ही अडचण त्यांना जाणवली नाही. मला हसू आले, आणि त्याच क्षणी लाजही वाटली, कारण मी तरी निराळे काय करीत होतो? मी एक दिवस डॉक्टरीणबाईंना सरळ विचारले, "रुग्णवाहिकेच्या प्रवासाने झालं का हो हे?"

त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. म्हणाल्या, "इतक्या लहान बाळाला हलवलं की धोका वाढतो, हे खरं आहे. न हलवता ते जगलं नसतं, हेही खरं आहे. पण आजोबा, सांडायचं ते रक्त सांडून गेलं. आता मला काळजी आहे ती त्यानंतर शरीर काय करतं त्याची."

या वाक्याने मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. माझी समजूत अशी होती की अपघात झाला म्हणजे झाला. पुढे असते ते भरून येणे. पण इथे प्रकरण वेगळे होते. पोकळीत सांडलेल्या रक्तातील तांबड्या पेशी काही दिवसांत फुटू लागतात. त्यांच्यातले लोहयुक्त द्रव्य मोकळे होते, आणि शरीराच्या पोटात जे अमृत तेच मेंदूच्या पाण्यात विष ठरते. ते जाणवताच मेंदूतले राखणदार धावतात. येतात ते साफसफाईलाच. पण येताना ते आग घेऊन येतात. त्या आगीला डॉक्टर मंडळी शोथ म्हणतात; आपण दाह म्हणू.

या राखणदारांचा शोध कसा लागला ती गोष्ट सणासुदीच्या दिवसांत सांगण्यासारखी आहे. १८८२ साल, सिसिली बेटावरचे मेसिना गाव. मेच्निकोव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तिथे राहत होता. एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली आणि हा सूक्ष्मदर्शकाशी एकटाच राहिला. तारामाशाच्या पारदर्शक पिलात हिंडणाऱ्या पेशी पाहता पाहता त्याच्या मनात आले, या पेशी शरीराचे रक्षण तर करीत नसतील? काही दिवसांपूर्वी बागेतल्या संत्र्याच्या झाडाला त्याने मुलांसाठी नाताळचे झाड म्हणून सजवले होते. त्याच बागेतल्या गुलाबाचे काटे काढून त्याने त्या पिलाच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतो तो, हिंडत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला! १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आधी दाह म्हणजे नुसता रोग असे मानण्याकडे कल होता. दाह ही शरीराची राखण आहे असे त्याने मांडले. मात्र ही राखण अजून पूर्णत्वाला गेलेली नाही, हे म्हणण्याइतका तो प्रामाणिक होता. मेंदूतल्या राखणदार पेशींना मायक्रोग्लिया हे नाव पुढे १९१९ साली रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश संशोधकाने दिले.

आता यात अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दुर्दैव पाहा. गर्भाच्या मेंदूत या पेशींचे काम राखणदारीचे कमी आणि माळ्याचे अधिक. मेलेल्या पेशी उचलायच्या, नको असलेले धागे छाटायचे, वाढीला वाट करून द्यायची. अशा माळ्याच्या हातातली कात्री काढून अचानक तलवार द्यावी तसे होते. तो तलवार चालवतो. जिथे शत्रू नाही तिथेही चालवतो. मज्जातंतूंवर वेष्टण चढवणाऱ्या कोवळ्या पेशी त्यात मरतात, आणि ते वेष्टण नसले तर पाय मेंदूचे ऐकत नाही. पाण्याच्या वाटांवर व्रण धरून त्या बुजतात. इतकेच नव्हे, २०१७ साली उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले की, मेंदूत पाणी तयार करणारे जे पडदे आहेत तेच दाहामुळे खवळतात आणि कितीतरी अधिक पाणी सोडू लागतात. दाहाचा संदेश अडवला की पाणीही ओसरते. म्हणजे बाळाचे डोके फुगते ते केवळ नाल्या तुंबल्यामुळे नव्हे. घरचा नळच खवळून उघडा राहिलेला असतो.

रोज सकाळी परिचारिका नातवाच्या डोक्याला फीत लावी. आमची ही आकडा एका जुन्या पंचांगाच्या मागच्या पानावर लिही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आकडा पुन्हा वाढला. खाली रस्त्यावर माळा फुटत होत्या आणि ती पंचांगाचे पान धरून कठड्याशी उभी होती.

मी मात्र त्या रात्री एका प्रश्नात अडकलो होतो. दोष कोणाचा? परांची मोडली, त्यात कोणाचा हात नाही. सांडलेल्या रक्ताचा दोष म्हणावा, तर रक्ताला काय कळते? आणि राखणदाराने तर आपले कर्तव्य केले. ज्याचे रक्षण करायचे त्यालाच त्याने भाजले, पण दुष्टपणाने नव्हे, आळसाने नव्हे, बेसावधपणानेही नव्हे. अशा कृत्याला आपल्या नीतिशास्त्रात खाना नाही. गुन्हा आहे आणि गुन्हेगार नाही, ही गोष्ट तांबड्या शाईच्या माणसाला सहन होत नाही.

तेव्हा मला माझ्याच विषयातला एक शब्द आठवला. आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांना 'दोष' म्हणतात. पण त्यांच्याच साम्यावस्थेत त्यांना 'धातू' म्हटले आहे, शरीराला धारण करणारे ते धातू. तेच तीन, बिघडले की दोष. म्हणजे त्या जुन्या वैद्यांच्या भाषेत दोष हा अपराध नव्हताच. धारण करणारी गोष्ट आपल्या मापातून ढळली, एवढाच त्याचा अर्थ. आपण व्यवहारात तो शब्द उचलला आणि त्याच्यामागे एक आरोपी उभा केला.

मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "मग हा दाह औषधाने विझवत का नाही?" त्यांनी मान हलवली. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना फुप्फुसांच्या आजारासाठी डेक्सामेथासोन हे दाह विझवणारे जबरदस्त औषध एके काळी सर्रास दिले जाई. मुले श्वासयंत्रावरून लवकर सुटत. पुढे ती मुले मोठी होऊ लागली तेव्हा ध्यानात आले की, जन्मानंतर लगेच हे औषध मिळालेल्यांत मेंदूचा पक्षाघात अधिक आहे. २००२ साली अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी ते सरसकट देऊ नये असे जाहीर केले. मेंदूतले पाणी कमी करणारी औषधेही देऊन पाहिली होती. १९९८ साली निष्कर्ष आला की, त्याने मुलांचे नुकसानच होते. राखणदाराला ठार करावे तर माळीही मरतो, कारण दोघे एकच.

आणि याच जातीचे औषध बाळंतपणाच्या आधी आईला टोचले तर? न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी १९७२ साली दाखवून दिले की, त्याने बाळाची फुप्फुसे सावरतात. पुढे कळले की मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. औषध एकाच कुळातले, घड्याळ निराळे. सुश्रुताने व्रणशोथाच्या कच्च्या, पिकत्या आणि पिकलेल्या अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि कच्चा शोथ अज्ञानाने कापणाऱ्याला व पिकलेल्याची उपेक्षा करणाऱ्याला एकाच पंगतीला बसवले आहे. मुलांना शिकवताना तो भाग मी घाईने ओलांडीत असे. परीक्षेला येत नसे.

आईला द्यायच्या त्या सुईविषयी ऐकले तेव्हा माझे पाय गळाले. त्या सुईचा पूर्ण गुण यायला सुमारे एक दिवस लागतो. आमच्या लेकीला ती दिली तेव्हा हाती जेमतेम दोन तास उरले होते. आणि दसऱ्याच्या दुपारी, तीनच्या सुमारास, ती मला म्हणाली होती, "बाबा, कंबर फार भरून आलीय. डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का?" मी आपट्याची पाने ताटात मांडत होतो. म्हणालो, "दोन दिवस पाटावर बसून बसून झालंय ते. पड जरा. संध्याकाळी माणसं यायची आहेत."

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. घरात आरोप-प्रत्यारोप चालले होते तेव्हा मी मोठेपणाचा आव आणून सगळ्यांना गप्प करीत होतो. "दोष देऊन काय उपयोग? झालं ते झालं," असे म्हणत होतो. विहीणबाईंचा फोन मीच घेई आणि लेकीपर्यंत पोहोचू देत नसे. लेक रडू लागली की, "दूध आटेल, रडू नकोस," म्हणून तिला थांबवी. घर शांत झाले. इतके शांत झाले की लेक दिवसचे दिवस बोलेनाशी झाली. सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात दाहाची चार लक्षणे सांगून ठेवली आहेत : लाली, सूज, उष्णता, वेदना. पहिल्या आठवड्यात ती चारही आमच्या घरात होती. मी औषध टोचून ती घालवली, आणि आतला जो काटा होता तो तिथेच राहिला. काटा माझ्याजवळच होता. उपमा फार ताणू नये असे मी मुलांना सांगत असे, पण ही मला सोडवेना.

काटा काढता येतो का? मेंदूच्या बाबतीत हा प्रयत्न झालेला आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल इथे अँड्र्यू व्हाइटलॉ यांनी दाह विझवण्याऐवजी सांडलेले जुने रक्तच धुऊन काढायचे ठरवले. एका बाजूने कृत्रिम द्रव आत सोडायचा, दुसऱ्या बाजूने तपकिरी पाणी बाहेर घ्यायचे. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, दिवसचे दिवस. ७७ बाळांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले. पण धुताना काही बाळांना पुन्हा रक्तस्राव झाला, नळी बसवण्याची गरजही कमी होईना, आणि २००६ साली प्रयोग थांबवला गेला. तिथेच तो संपला असे कोणीही म्हणाले असते. परंतु त्या लोकांनी मुलांचा माग सोडला नाही. दोन वर्षांची झाली तेव्हा, धुतलेल्या गटातील जगलेल्या मुलांत बुद्धीचे तीव्र अपंगत्व शंभरांत ३१ जणांना होते, दुसऱ्या गटात ५९ जणांना. दहाव्या वर्षीही तो फरक टिकला होता. आता सांगा, २००६ साली प्रयोग थांबवणाऱ्यांचे चुकले का? समोर रक्त दिसत होते. त्यांनी थांबवायलाच हवे होते. आणि तरीही ज्या बाळांना त्यानंतर तो उपचार मिळाला नसेल त्यांच्या आईबापांना आपण काय सांगणार? आजही ही पद्धत सगळीकडे रूढ झालेली नाही. ती अवघड आहे, धोक्याची आहे, आणि आकडे थोडे आहेत. आमच्या नातवाला ती दिली नाही. त्याच्या डोक्याच्या कातडीखाली एक इवलीशी डबी बसवली आणि तिच्यातून दिवसाआड पाणी काढले.

भाऊबीजेच्या रात्री रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या चहाच्या गाडीवर मी जावयांना दसऱ्याची दुपार सांगितली. सगळी सांगितली, आपट्याच्या पानांसकट. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "तीन वाजता म्हणाली होती?" मी म्हटले, "हो." ते उठून गेले. पुढे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. घरात पुन्हा आवाज चढले. मीच रक्त सांडले होते, आणि या खेपेला कोणाला गप्प करायचा मला अधिकार नव्हता. विहीणबाई मला जे बोलल्या ते मी उभे राहून ऐकले. डॉक्टरीणबाईंना विचारले, "त्या दुपारी गेलो असतो तर?" त्या म्हणाल्या, "कदाचित." या शब्दावर मी अजून जगतो आहे. तांबड्या शाईने त्याच्याखाली रेघ ओढता येत नाही आणि तो खोडताही येत नाही.

लेक मात्र बोलू लागली. नवव्या दिवशी बाळाला छातीशी धरून बसली असताना म्हणाली, "बाबा, मला ती दुपार आठवत होती. तुम्हाला आठवतेय की नाही, तेच मला कळत नव्हतं." एवढेच. 'तुमचा दोष नाही' असे ती म्हणाली नाही, आणि मला ते बरेच वाटले. ती तसे म्हणाली असती तर पुन्हा कुणीतरी कुणालातरी गप्प केल्यासारखे झाले असते.

नळी बसवावी लागली नाही. डिसेंबरात बाळ घरी आले. आता तो चालतो. डावा पाय थोडा आखडतो, म्हणून बुटात पट्टी असते. बोलायला उशिरा लागला, पण आता थांबत नाही. कोल्हापूरच्या आजीचे 'काय की' हे टुमणे त्याने जसेच्या तसे उचलले आहे.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे आमच्या हिने त्याला पाटावर बसवले आणि वाटीतले कोमट तेल त्याच्या टाळूवर घातले. टाळू केव्हाच भरून गेली आहे, आता तिथे हाड आहे. त्या महिन्यांत तिला तिथे बोटही लावू दिले नव्हते, म्हणून ती अजूनही तिथेच तेल जिरवत बसते. तेल ओघळून डोळ्यात गेले. तो ओरडला, "कोणी केलं?"

मी फडके आणायला आत गेलो.